गुबगुबीत जुन्या वळणाचा फॉन्ट: लोगोत शोभतो, मग वेबसाइटवर का सुजतो?

रेकॉर्डवेडी · सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड्सवर पॉडकास्ट करतो. नाव 'तबकडी'. आतापर्यंत मुखचित्रावर कसलंतरी सरळसोट अक्षर होतं. या वेळी ठरवलं, नाव बघताक्षणी सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डचं वेष्टन डोळ्यांसमोर यायला हवं. शोधता शोधता कूपर ब्लॅक सापडला. जाडजूड, सगळे कोपरे गोल, उशीत कापूस ठासून भरावा तशी अक्षरं. प्रेमातच पडले! टी-ए-बी-ए-के-ए-डी-आय असं रोमनमध्ये लिहून लोगो केला, वेबसाइटचे मथळे त्यातच, टी-शर्ट त्यातच. एवढंच नाही, प्रत्येक भागाची माहितीसुद्धा त्यातच टाकली.

आणि मग एकेक रडगाणं सुरू झालं. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जो फॉन्ट छान दिसतो, तोच वेबसाइटच्या मथळ्यात सुजल्यासारखा दिसतो. अक्षरांमधली भोकं बुजतात. फाइल तीच, आकार तोच. टी-शर्टचा नमुना आला, त्यात 'ए'चे तिन्ही डोळे शाईने भरलेले. देवनागरी 'तबकडी' रोमनशेजारी ठेवली तर दोन वेगळ्या घरचे पाहुणे वाटतात. वर माझा दादा म्हणतो, "हे लहान मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण आहे का?"

दादाचं सोडा, बाकीच्यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टंकवाकडा · सोमवार, सकाळी ९:५८

मोबाइलवरून लिहितोय, थोडक्यात आटपतो.

मथळा एच-वन टॅगमध्ये, म्हणजे मुख्य मथळ्याच्या खुणेत, आहे ना? त्या टॅगला ब्राउझर आपण न सांगताच बोल्ड करतो. तुमच्या फॉन्टला एकच वजन, म्हणजे एकच जाडी, आहे आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या नियमांत, तुम्ही ते ४०० म्हणून नोंदवलं असणार, म्हणजे 'रेग्युलर'. दिसायला तो पैलवान असला तरी ब्राउझरच्या वहीत तो साधा गडी. बोल्ड मागितलं आणि बोल्ड फाइल मिळाली नाही की ब्राउझर अक्षर स्वतःच फुगवतो. आधीच जाड, त्यात ही सूज, मग भोकं बुजणारच.

फॉन्ट-वेट 'नॉर्मल' करा. जोडीला फॉन्ट-सिंथेसिस 'नन' लिहा, म्हणजे ब्राउझरची ही आगाऊ कारागिरी बंद होईल. खोटी तिरकी अक्षरं सुद्धा थांबतील.

रेकॉर्डवेडी · सोमवार, सकाळी १०:२१

हेच होतं!!! एका ओळीत सूज उतरली. दोन आठवडे मी फॉन्टची फाइल बदलून बदलून बघत होते. टंकवाकडा, दंडवत घ्या.

खिळेजुळारी · सोमवार, दुपारी १:१५

रेकॉर्डवेडी ताई, मी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, हाताने जुळवायच्या काळातला माणूस, त्यामुळे जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाकडे वळा.

तुम्हाला जे अक्षर सत्तरच्या दशकातलं वाटतंय ते १९२२ सालचं आहे. शिकागोत ऑझवल्ड ब्रूस कूपर नावाचे गृहस्थ जाहिरातींसाठी हाताने अक्षरं काढायचे. त्यांनी ते रेखाटलं आणि तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, ते धातूत ओतलं. आधी त्यांनी कूपर ओल्डस्टाइल हे सडपातळ अक्षर केलं होतं, त्याच सांगाड्यावर हा जाड भाऊ उभा राहिला. कूपर त्याचं वर्णन करायचे ते असं: लांबचं पाहणाऱ्या मुद्रकांसाठी, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसत नाही! जाहिरात लांबून वाचता यायला हवी, एवढाच रोकडा व्यवहार.

अक्षर नीट निरखून बघा. सेरिफची, म्हणजे रेघांच्या शेवटी असलेल्या छोट्या खुरांची, टोकं गोल. 'ओ'ची आतली पोकळी सरळ उभी नाही, डावीकडे कललेली. गोल अक्षरांचे तळ ओळीच्या थोडे खाली उतरतात. हाताने रंगवलेल्या अक्षराचा मऊपणा त्यांनी धातूत आणला. आणखी एक फायदा होता, तो आम्हा छपाईवाल्यांना लगेच कळतो. टोकदार सेरिफ झिजला किंवा शाई पसरली की लगेच डोळ्यावर येतं. इथे टोकच नाही, तर झिजणार काय? मुळातच गोल असलेलं अक्षर खराब कागदावर आणखी थोडं गोल झालं तर कुणाला पत्ता लागत नाही.

ते इतकं चाललं की दुसऱ्या कंपन्यांना त्याच्या तोडीचं काहीतरी काढावंच लागलं. मोनोटाइपने हे काम कुणाकडे द्यावं? फ्रेडरिक गौडी यांच्याकडे, म्हणजे खुद्द कूपर यांच्या शिक्षकांकडे. त्यातून १९२५ साली गौडी हेवीफेस आला. शिष्याने गाजवलेल्या अक्षराला उत्तर गुरूने द्यायचं! मला विचाराल तर शिष्याचंच सरस आहे.

आता मुद्द्याचं. धातूचा खिळा म्हणजे एक चौकोनी ठोकळा आणि त्याच्या माथ्यावर अक्षर. दोन ठोकळे एकमेकांना भिडले की संपलं, अक्षरं त्याहून जवळ येत नाहीत. आणायचीच तर कानस घेऊन ठोकळा घासायचा. त्यामुळे १९२२ चा कूपर छापला जायचा तेव्हा अक्षरांमध्ये थोडी हवा राहायची. पुढे अक्षरं फिल्मवर आली. १९६१ मध्ये लेट्रासेटचे घासून उमटवायचे कागद निघाले. कागद ठेवा, वरून घासा, अक्षर खाली उतरतं. आता ठोकळाच उरला नाही! अक्षर हवं तिथे, हवं तितकं जवळ, वाटल्यास शेजाऱ्याच्या अंगावर. मग सगळ्यांनी ती चंगळ करून घेतली. तुम्ही रेकॉर्डवाल्या, तर 'द बीच बॉइज'च्या १९६६ च्या 'पेट साउंड्स'चं वेष्टन पाहिलं असेलच. हेच अक्षर, पण कसं दाटीवाटीने बसवलंय बघा.

तेव्हा सत्तरच्या दशकाची खूण अक्षराच्या अंगात कमी आणि दोन अक्षरांमधल्या फटीत जास्त. तुम्ही फॉन्ट जुना घेतलात, पण अंतर संगणकाने दिलं तेच ठेवलंत. दादांना वाढदिवस दिसतो तो बहुधा त्यामुळे.

वळणदार · सोमवार, दुपारी १:४०

वाचनखूण साठवली. काका, वेगळा धागा काढा यावर.

आडमुठा · सोमवार, दुपारी २:०५

मी जरा विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या.

हा गोलमटोल जुनेपणा आता कुठे नाही ते सांगा. लॅटिनोटाइप कंपनीचा रेकोलेटा हा फॉन्ट २०१८ साली आला, कूपर आणि विंडसर या जुन्या अक्षरांचं मिश्रण. तेव्हापासून गादी विकणारे, साबण विकणारे, ध्यान शिकवणारे, सगळे त्याच मऊ सेरिफमध्ये बोलताहेत. 'आम्ही प्रेमळ आहोत' एवढं सांगायला किती जाड व्हायचं? पॉडकास्ट जुन्या रेकॉर्ड्सचा, म्हणून अक्षर जुनं. पहिलीच कल्पना मनात आली आणि तीच घेतली. कल्पनाशक्तीला काही काम आहे की नाही?

अनुस्वार · सोमवार, दुपारी ३:३०

आडमुठा, निम्मं पटलं. पण तुम्ही ज्याला जुनेपणा म्हणताय त्याची गंमत अशी, की यातली बरीच अक्षरं दोनदा जुनी झालेली आहेत.

विंडसर १९०५ चं, स्टीफन्सन ब्लेक फाउंड्रीचं. सूव्हनीर मॉरिस फुलर बेंटन यांनी १९१४ मध्ये केलं, तेव्हा त्याला कुणी फारसं विचारलं नाही. १९७० मध्ये आयटीसी कंपनीसाठी एड बेंगियाट यांनी ते नव्याने काढलं आणि मग ते जिकडे तिकडे झालं. अर्नोल्ड बोक्लिन हे वेलींसारखं वळसे घेणारं अक्षर १९०४ चं जर्मन. साठच्या दशकाच्या शेवटी पोस्टरवाल्यांनी ते उकरून काढलं. वेस विल्सन यांची १९६६ च्या सुमाराची ती वितळल्यासारखी पोस्टरं आठवा. त्या अक्षरांचं मूळ व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कामात आहे.

म्हणजे आज आपण 'सत्तरचं' म्हणून जे उचलतो, ते सत्तरच्या लोकांनी आपल्या आजोबांच्या कपाटातून उचललेलं होतं. म्हणून रेकॉर्डवेडीला माझा प्रश्न: तुमच्या रेकॉर्ड्स कुठल्या काळातल्या? ७८ आरपीएमच्या लाखेच्या असतील तर सत्तरचा दाट कूपर चुकीचा काळ सांगेल. तिथे हवा खेळती ठेवलेला कूपर चालेल, किंवा बेंटन यांचंच १९२७ चं ब्रॉडवे. त्यात एक बाजू अतिजाड आणि दुसरी केसासारखी बारीक. एलपी, म्हणजे नंतरच्या लांब वाजणाऱ्या रेकॉर्ड्स, असतील तर काका म्हणतात तशी अक्षरं भिडवा.

आणि त्याहून मागे जायचं तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रॉबर्ट थॉर्न यांची फॅट फेस म्हणवली जाणारी अक्षरं आहेत. मग १८२७ पासून अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी यंत्राने कोरलेली लाकडी अक्षरं, ज्यांच्यावर सर्कशीची आणि नाटकांची भलीमोठी पोस्टरं निघाली. धातूचं एवढं मोठं अक्षर जड, महाग आणि थंड होताना वाकणारं. लाकूड हलकं. जाड सजावटी अक्षराचा जन्म असा भिंतीवर ओरडण्यासाठी झालाय, पानभर बोलण्यासाठी नाही. भागाची माहिती त्यात लिहिलीय म्हणालात ना, ती आजच काढा.

रेकॉर्डवेडी · सोमवार, दुपारी ४:१०

काढली. आमच्याकडे सगळ्या एलपीच आहेत, साठ ते ऐंशीच्या दरम्यानच्या. म्हणजे भिडवायचं.

टी-शर्टचं काय करू? छापणाऱ्याने सांगितलं, "अक्षरच असं आहे, आम्ही काही करू शकत नाही."

शाईचा_डाग · सोमवार, संध्याकाळी ६:२५

अक्षर असंच आहे हे खरं, काही करता येत नाही हे खोटं.

कापडावर शाई पसरते. कागदावरही पसरते, कापडावर जास्त. कूपर ब्लॅकच्या छोट्या 'ए'चं पोट मुळातच एवढंसं, आणि तुमच्या नावात तसे तीन 'ए' आहेत. वर 'बी' आणि 'डी'. आठ अक्षरांत पाच बंद भोकं. नाव निवडताना छपाईवाल्याला विचारलं नव्हतं हे उघड आहे. :)

आता उपाय. तुम्ही अक्षर शाईने छापताय, म्हणून पसरलेली शाई भोकात शिरते. उलट करा. काळी भरीव तबकडी छापा आणि अक्षरं त्यातून कोरून काढा, म्हणजे अक्षराच्या जागी शाईच नाही, कापडाचा रंग दिसतो. आता शाई पसरली तरी ती अक्षराच्या अंगावर चढेल, म्हणजे अक्षर जरा सडपातळ होईल आणि 'ए'चा डोळा, जो आता शाईचा ठिपका आहे, तो मोठा होईल. जाड अक्षराला हे मानवतं. हेच बारीक अक्षराला केलं तर ते गिळलं जाईल. शिवाय तुमचं नावच तबकडी, गोल काळा आकार आयता मिळतोय. याहून काय हवं!

तरीही सरळच छापायचं असेल तर छपाईच्या फाइलसाठी अक्षराची वेगळी प्रत करा आणि तीत भोकं हाताने थोडी मोठी करा. पडद्यावर ती विचित्र दिसेल, कापडावर बरोबर दिसेल. छापणाऱ्याला एकच विचारा: तुमच्या छपाईच्या जाळीवर किती बारीक रेघ उघडी राहते? उत्तर देता आलं नाही तर दुसरा छापणारा शोधा.

अवांतर: सत्तरच्या दशकात इस्त्रीने चिकटवायची मखमली अक्षरं मिळायची, त्यांत कूपर ब्लॅक भरपूर असायचा. कारण तेच. कुठेही बारीक रेघ नाही, त्यामुळे उसवायला टोक सापडत नाही.

कातरकाम · सोमवार, संध्याकाळी ७:०२

शाईचा_डाग यांच्या प्रतिसादाला +१. यंत्राने कापायचं असेल, म्हणजे व्हिनाइलचं स्टिकर वगैरे, तर एक भर घालते. अक्षरं एकमेकांवर चढवलीत की फाइल पाठवण्याआधी ती आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या कडांच्या आकारात, बदला आणि एकत्र जोडून एकच आकार करा. नुसती चढवून पाठवलीत तर यंत्र प्रत्येक अक्षराची पूर्ण कड कापतं, शेजाऱ्याच्या पोटातून सुद्धा. माझ्याकडे असा एक अख्खा रोल वाया गेलेला आहे.

आणि स्टेन्सिल करायचं असेल तर सगळी भोकं गळून पडतात हे लक्षात ठेवा. ती धरून ठेवायला पूल, म्हणजे बारीक पट्ट्या, ठेवावे लागतात.

शिरोरेघ · सोमवार, रात्री ९:४५

देवनागरीबद्दल कुणीच बोललं नाही अजून, म्हणून आले.

रोमन जाड करायचं तर कुठे करायचं हे ठरलेलं आहे: उभ्या रेघा फुगवा, आडव्या आवरा. देवनागरीत बोरूचा काप रोमन कलमाच्या उलट्या तिरक्याचा, त्यामुळे जाडी-बारकाई वेगळ्या जागी पडते. त्यात वर शिरोरेघ. जाड दंड आणि जाड शिरोरेघ यांच्यात मान घालून बसलेलं अक्षर, त्याला आत जागाच कुठे उरते? म्हणून कूपरचे गोल कोपरे देवनागरीला चिकटवून चालत नाही. तसं केलेलं बरंच पाहिलंय, शिरोरेघेची टोकं गोल केली की झालं असं वाटतं लोकांना.

तुमचा शब्दच घ्या. 'त' सोपा, उघडा आहे. 'क'ला दोन पोटं, तीही सांभाळता येतात. खरा घात 'ब' करतो. त्याच्या पोटात तिरकी रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढरं हवं. जाड वजनात ही दोन पांढरी टिंबंच उरतात. लहान आकारात किंवा टी-शर्टवर ती बुजली तर अख्खं पोटच भरून जातं. आणि भोकं वाचवण्यासाठी रेघ बारीक करत नेलीत तर ती दिसेनाशी होते आणि 'ब'चा 'व' होतो. म्हणजे पॉडकास्टचं नाव तवकडी!

शेवटचा 'डी' पाहा. वेलांटीची कमान शिरोरेघेच्या वर जाते, म्हणून रोमनशेजारी ठेवताना देवनागरी नेहमी उंच वाटतो. दोघांची एकूण उंची जुळवू नका. शिरोरेघेपासून खालचा भाग रोमनच्या छोट्या अक्षरांपेक्षा किंचित मोठा ठेवा आणि वेलांटीला वर मोकळी जागा द्या.

आयतं हवं असेल तर 'एक टाइप' या संस्थेचा बालू हा फॉन्ट बघा, देवनागरी आणि रोमन एकाच हाताचे वाटतात. बालू २ मध्ये वजनंही निवडता येतात. त्यांचाच मोदक त्याहून गुबगुबीत. त्यात पोकळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या चिरा उरतात आणि अक्षर त्या चिरांवरून वाचायचं. मोठ्या आकारात बहार, लहान आकारात फक्त काळे ढग. बारीक-जाडीचा नाट्यमय खेळ हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन.

आडमुठा · सोमवार, रात्री १०:०५

तवकडी! हसून हसून मेलो. हेच नाव ठेवा.

पण प्रश्न गंभीर आहे. दोन लिप्या एकसारख्या दिसायलाच हव्यात हा हट्ट कशाला? रोमन कूपरमध्ये, देवनागरी हाताने रंगवलेल्या वळणात, काय बिघडतं?

शिरोरेघ · सोमवार, रात्री १०:३०

काही बिघडत नाही. चेहरा एकसारखा नकोच, भार एकसारखा हवा. दोन्ही नावं शेजारी ठेवा, डोळे किलकिले करा. अक्षरं धूसर होऊन दोन करडे ठिपके दिसतील. दोन्ही सारखेच काळे असतील तर जोडी जमली. एक काळा आणि एक राखाडी असेल तर 'वेगळ्या घरचे पाहुणे'. रेकॉर्डवेडीला जे खटकतंय ते बहुतेक हेच आहे.

टंकवाकडा · सोमवार, रात्री १०:५०

शिरोरेघ यांच्या मुद्द्याला वेबची पुरवणी. रोमन अक्षरं जवळ आणायला लेटर-स्पेसिंग उणे कराल, तर तोच नियम देवनागरी मथळ्याला लागू देऊ नका. उणे केलं की काने-दंड एकमेकांवर चढतात, अधिक केलं की शिरोरेघ तुटून दात पडल्यासारखी दिसते. भाषेनुसार वेगळा नियम लिहा. लाइन-हाइटचंही, म्हणजे ओळींमधल्या अंतराचंही, तसंच. सत्तरच्या पद्धतीने ओळी एकमेकींवर रचायला ०.९ वगैरे ठेवतात, ते रोमनमध्ये खपतं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी यांची मारामारी होते.

फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षरं फुटली तर परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी हा पर्याय निवडा. फॉन्टचा दोष नसतो बहुतेक वेळा.

वळणदार · मंगळवार, सकाळी ८:१५

आणि जुन्या एन्कोडिंगच्या सजावटी देवनागरी फॉन्टपासून सावध. त्यांत अप्रतिम जाड वळणं आहेत, पण ते युनिकोड नाहीत. पडद्यावर 'तबकडी' दिसते आणि कॉपी केलं की रोमन अक्षरांचा कचरा येतो. लोगोचं चित्र करायला चालतील, वेबसाइटच्या मथळ्याला नाही. शोधणाऱ्याला सापडणारच नाही तुमचं नाव.

नियमावली · मंगळवार, सकाळी ११:००

कंटाळवाणं काम माझ्या वाट्याला. परवाना पाहिलात का?

'कूपर ब्लॅक' या नावाने वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेल्या डिजिटल फाइली आहेत, प्रत्येकीचा परवाना वेगळा. संगणकावर वापरायचा परवाना घेतला म्हणजे वेबसाइटवर चढवायचाही मिळाला असं नाही, ॲपमध्ये घालायचा त्याहून वेगळा. मोफत उतरवलेल्या सजावटी फॉन्टच्या सोबतची मजकूर फाइल उघडून वाचा. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असतं आणि टी-शर्ट विकले की तो वैयक्तिक वापर राहत नाही.

अमेरिकेत अक्षराच्या नुसत्या आकारावर कॉपीराइट मिळत नाही, १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर खटल्यात ते स्पष्ट झालं. पण फॉन्टची फाइल हे सॉफ्टवेअर असतं आणि नावावर ट्रेडमार्क असू शकतो. बाकी देशांचे कायदे निराळे. 'आकार सगळ्यांचा, मग फाइल कुठूनही घेतो' हा युक्तिवाद चालत नाही.

डोक्याला ताप नको असेल तर ओपन फॉन्ट लायसन्सवाले घ्या. व्यापारी वापर चालतो, वेबवर चढवता येतात, फक्त फॉन्टच सुटा विकायचा नाही. बालू, मोदक, रोझा वन तिन्ही त्यात येतात. रोमनसाठी फ्रॉन्सेस बघा. विंडसर, सूव्हनीर आणि कूपर यांवरून स्फुरलेला, वजन १०० ते ९०० पर्यंत सरकवता येतं. कोपरे किती मऊ हवेत याचीही सरकपट्टी आहे, आणि अक्षरांनी किती वेडेवाकडे वागावं याचा वेगळा खटका.

अनुस्वार · मंगळवार, सकाळी ११:२०

फ्रॉन्सेसला माझंही मत. वजन शेवटपर्यंत नेऊ नका, थोडं अलीकडे थांबा. त्या मधल्या जागेत 'ए'चा डोळा उघडा राहतो आणि जाडपणाही जात नाही.

एक राहिलं: रंग. नारिंगी-पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांवर क्रीम रंगाचं अक्षर टाकायचा मोह होईलच. करा, पण कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक, मोजा. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत मोठ्या अक्षराला किमान ३:१ आणि साध्या मजकुराला ४.५:१ मागितलंय. मथळा जाड आहे म्हणून सुटेल, त्याच रंगात खाली लिहिलेली तारीख सुटणार नाही. खालचा मजकूर साध्या, शांत अक्षरात. एका पानावर एकच जण ओरडणारा पुरे.

आणि फाजील शेपट्यांची पर्यायी अक्षरं असतात, ती फार तर एक वापरा. शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी. प्रत्येकाला शेपूट दिलं की वरात होते.

शाईचा_डाग · मंगळवार, दुपारी १२:४५

जाड अक्षर म्हणजे बालिशच असं नाही, हेही दादांना सांगा. ईझीजेट १९९५ पासून नारिंगीत कूपर ब्लॅकच वापरतेय आणि लोक त्यांच्या विमानात बसतातच की. :)

आडमुठा · मंगळवार, दुपारी १:००

बसतात, पण ते तिकीट स्वस्त म्हणून. अक्षर बघून नाही.

रेकॉर्डवेडी · रविवार, सकाळी १०:१५

मंडळी, हिशेब द्यायला आले.

रोमनसाठी फ्रॉन्सेस घेतला, वजन शेवटच्या टोकाच्या थोडं अलीकडे, कोपरे पूर्ण मऊ. 'टी' मोठा केला आणि त्याच्या हाताखाली पहिला 'ए' सरकवला. बाकीची अक्षरं एकेक करून हाताने भिडवली. 'के' आणि त्यानंतरच्या 'ए'ने सगळ्यात छळलं. 'के'चा पाय बाहेर येतो, त्यामुळे वर खिंडार आणि खाली टक्कर. शेवटी पाय थोडा कापला. खिळेजुळारी काका, तुमची कानस आठवली!

फटी मिटल्यावर खरंच काळ बदलला. फॉन्ट तोच ठेवून नुसतं अंतर बदलून दोन प्रती केल्या आणि बाकी दोघांना विचारलं, यातली रेकॉर्ड कुठली? दोघांनीही दाटवालीच दाखवली.

देवनागरीला बालू २ घेतला आणि 'ब'च्या पोटातली रेघ सोडून बाकी सगळं जरा सडपातळ केलं, डोळे किलकिले करून करून. तवकडी होऊ दिली नाही. टी-शर्टसाठी काळी तबकडी, अक्षरं कोरलेली. नमुना परवा आला, तिन्ही डोळे टक्क उघडे. ब्राउझरच्या टॅबमधल्या चिमुकल्या चौकोनात आठ अक्षरं मावणार नव्हतीच, तिथे नुसता 'त' ठेवला. १६ पिक्सेलमध्येही ओळखू येतो.

मजकूर साध्या अक्षरात आहे. दादाने पाहिलं. म्हणाला, "आता मोठ्या मुलाच्या वाढदिवसाचं वाटतंय."

खिळेजुळारी · रविवार, दुपारी १२:३०

छान झालंय, ताई. टी-शर्टचा फोटो मोठा करून पाहिला. 'डी' आणि 'आय'च्या मध्ये अजून केसभर फट जास्त आहे.

रेकॉर्डवेडी · रविवार, दुपारी १२:४१

पाहिली. आता मलाही तीच दिसतेय, दुसरं काहीच दिसत नाही. :(